शासकीय वार्तागद्य आणि त्याचा वाचक : सारोळे गावाच्या निमित्ताने एक विचार

१

मराठी गद्याच्या इतिहासात शासकीय लेखनाला मानाचे स्थान मिळते ते बखरी, आज्ञापत्रे आणि दफ्तरांतील पत्रव्यवहार यांच्यापर्यंत. त्यानंतरच्या काळाकडे वळताच अभ्यासकाची दृष्टी निबंध, कादंबरी, नाटक, आत्मचरित्र यांच्यावर स्थिरावते आणि शासनाने लिहिलेले गद्य वाङ्मयविचाराच्या कक्षेबाहेर राहते. वस्तुतः महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर शासन हा मराठीचा एक अत्यंत विपुल लेखक झाला आहे. निर्णय, परिपत्रके, अधिसूचना, नोटिसा, प्रसिद्धिपत्रके, मासिके असे अनेक प्रकार तो हाताळतो. ज्या माणसाने शाळा सोडल्यावर एकही ललित ग्रंथ उघडलेला नाही, त्यालाही ह्या लेखकाचे लेखन वाचावे लागते, आणि ते चुकीचे वाचले तर त्याची किंमत जमिनीच्या अथवा हक्काच्या रूपाने मोजावी लागते. ज्या गद्याच्या वाचनावर इतके अवलंबून आहे, त्याची परीक्षा गद्य म्हणून व्हावयास हवी.

ती मुळीच होत नाही असे नाही. परंतु होते तेव्हा बहुधा एकाच निकषावर होते, आणि तो निकष म्हणजे शब्दांची सुबोधता. शासकीय मराठी संस्कृतप्रचुर आहे, कृत्रिम आहे, भाषांतरित आहे, हे आक्षेप परिचित आहेत. ते निराधारही नाहीत. तथापि स्थानिक रहिवाशाच्या दृष्टीने पाहता हा निकष अपुरा, किंबहुना दिशाभूल करणारा ठरतो, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. शासकीय वार्तेचा खरा दोष शब्दांत कमी आणि वाक्याच्या रचनेत व संबोधनात अधिक आहे. जे लेखन रहिवाशाला उद्देशून असते ते शासनाला बांधत नाही, आणि जे शासनाला बांधते ते रहिवाशाला उद्देशून नसते. ह्या दोहोंमधील रिकाम्या जागेत गावाचा वाचक उभा आहे.

२

हा विचार हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांसमोर ठेवणे उपयुक्त ठरेल. पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यातील सारोळे (बोलीत सारोळा) हे गाव पुणे-सातारा महामार्गावर, नीरा नदीकाठी वसलेले आहे. नदीवरचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा आणि खंडाळा तालुका लागतो; शिरवळची बाजारपेठ त्या बाजूला आहे. तालुक्याचे मुख्य ठिकाण भोर हे १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या संस्थानची राजधानी होते. त्या वर्षी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. तालुक्यात वरच्या अंगाला येळवंडी नदीवर ब्रिटिश राजवटीत बांधलेले भाटघरचे धरण आहे. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांमार्गे खालच्या तालुक्यांना मिळते.

अशा गावाच्या रहिवाशाला किती ठिकाणांहून शासनाची वार्ता येते, हे मोजून पाहण्यासारखे आहे. जमिनीची नोंद, पीकपाहणी आणि फेरफार ह्यांची वार्ता महसूल खात्याची. घरपट्टी, पाणीपुरवठा, ग्रामसभा ह्यांची वार्ता ग्रामपंचायतीची. नदीला सोडावयाच्या विसर्गाची सूचना जलसंपदा खात्याची. रस्त्यासाठी घ्यावयाच्या भूमीची अधिसूचना केंद्र शासनाची, पण तिच्यावरील हरकती ऐकणारा सक्षम प्राधिकारी बहुधा राज्याच्या महसूल सेवेतला. ह्याखेरीज शेती, शिक्षण, आरोग्य आणि समाजकल्याण ह्यांच्या योजना आहेतच. शिवाय बाजार आणि शासन यांच्या सीमा जुळत नाहीत. बाजारासाठी नदीपलीकडे जाणाऱ्या माणसाच्या कानी तेथे जी शासकीय वार्ता पडते ती सातारा जिल्ह्याची असते. तिच्यातील तारखा, कार्यालये आणि अधिकारी त्याचे नसतात. एकाच बोलीच्या, एकाच बाजाराच्या माणसांना दोन निरनिराळ्या मजकुरांचे वाचक व्हावे लागते.

म्हणून गावाच्या वाचकाला शासकीय मजकुराकडून सर्वप्रथम हवी असते ती स्थाननिश्चिती. हे माझ्या गावाला लागू आहे काय? कोणी करावयाचे आहे? केव्हापर्यंत? आणि झाले नाही, किंवा चुकीचे झाले, तर कोणाकडे जावयाचे? हे प्रश्न वाङ्मयीन वाटत नाहीत, परंतु ह्या गद्यप्रकाराचे प्रयोजनच त्यांत आहे. प्रयोजनाच्या संदर्भावाचून कोणत्याही गद्यप्रकाराची समीक्षा संभवत नाही.

३

शब्दांचा वाद आधी निकालात काढणे इष्ट आहे. राज्यव्यवहाराची भाषा बदलण्याचे प्रयत्न महाराष्ट्राला नवे नाहीत. शिवकाळात रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला आणि फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत पर्याय देण्यात आले. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आज्ञेने १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा बहुभाषिक कोश प्रसिद्ध झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि पदनामकोश निघाला. त्यावर 'बदनामकोश' अशी कोटीही झाली. ह्या सर्व उपक्रमांचे स्वरूप एकच आहे. त्यांनी शब्दाच्या जागी शब्द ठेवला. वाक्याकडे त्यांचे लक्ष नव्हते, आणि कोशाचे ते कामही नव्हे.

ह्या उपक्रमांचे फलित संमिश्र आहे. संचालनालय, अधिसूचना, अर्थसंकल्प हे शब्द आज कोणालाही अडवीत नाहीत. एके काळी त्यांनाही हसले गेले असावे. उलट तीन शतकांपूर्वी कोशाने हद्दपार करू पाहिलेल्या शब्दकुळातील तहसील, महसूल, जमीन, हरकत, नक्कल, अर्ज, दाखला हे शब्द गावात आणि कार्यालयात अजून सुखाने नांदतात. शब्द कोणत्या मुळाचा आहे ह्यावर तो समजणे अवलंबून नसते. तो किती वेळा, कोणत्या कामासाठी वापरावा लागतो ह्यावर ते अवलंबून असते.

नामांतराची दोन अलीकडील उदाहरणे ह्या दृष्टीने बोलकी आहेत. भोरला लागून असलेल्या वेल्हे तालुक्याला 'राजगड' हे नाव देण्याच्या प्रस्तावास राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. रायगडापूर्वी शिवाजी महाराजांची राजधानी असलेला राजगड त्याच तालुक्यात आहे, म्हणून ह्या नावाला इतिहासाचा आधार आहे. त्याच वर्षी तलाठी ह्या पदास 'ग्राम महसूल अधिकारी' असे नाव देण्यात आले, आणि ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' हे पदनाम ठरले. शब्दशास्त्राच्या दृष्टीने नवी पदनामे जुन्यांपेक्षा अर्थवाही आहेत. 'तलाठी' शब्दावरून त्या माणसाचे काम कळत नाही, 'ग्राम महसूल अधिकारी' ह्यावरून कळते. तरीही सारोळ्यासारख्या गावातील खातेदाराला जे कळावयास हवे ते दोन्ही शब्दांत नाही. सज्जाच्या ठिकाणी तो अधिकारी कोणत्या वारी भेटेल, नोंद किती दिवसांत करील, आणि न केल्यास दाद कोठे मागावी, ही माहिती नामाने मिळत नाही. ती वाक्याने द्यावी लागते. नाव बदलण्याची वार्ता ठळकपणे प्रसिद्ध होते आणि ह्या वाक्याची वार्ता होत नाही, हे लक्षणीय आहे.

४

आता वाक्याकडे वळावे. राज्यशासनाच्या लेखनात दोन स्वर स्पष्टपणे वेगळे काढता येतात. पहिल्यास वार्तास्वर आणि दुसऱ्यास आज्ञास्वर म्हणता येईल.

वार्तास्वराचे प्रातिनिधिक रूप म्हणजे माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची प्रसिद्धिपत्रके आणि अनेक दशके प्रसिद्ध होत आलेले 'लोकराज्य' हे मासिक. ह्या लेखनाची भाषा सामान्यतः सुबोध असते आणि त्याचे वाचन ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना, विशेषतः स्पर्धापरीक्षांच्या उमेदवारांना, उपयोगी पडलेले आहे. त्याच्या विशेषांकांतून विषयाचे एकत्र संकलन होते, हाही गुण मान्य करावयास हवा. परंतु ह्या स्वराचे ठरलेले वाक्य तपासून पाहावे : अमुक योजनेचा अधिकाधिक लाभार्थ्यांनी लाभ घ्यावा, असे आवाहन करण्यात येत आहे. वाक्य सोपे आहे. एकही शब्द अडत नाही. मात्र त्यात दोन क्रिया आहेत, आणि दोहोंपैकी शासनाकडे कर्तृत्व एकीचेही नाही. लाभ घेण्याची क्रिया वाचकाकडे सोपविलेली आहे. आवाहनाची क्रिया कर्मणी प्रयोगात विरून गेली आहे. देणारा कोण, हे वाक्यात नाही. मग लाभ मिळाला नाही तर वाक्याच्या तर्काप्रमाणे दोष घेणाऱ्याचाच ठरतो, कारण वाक्यात कर्ता म्हणून तेवढाच उरलेला आहे.

आज्ञास्वराचे प्रातिनिधिक रूप म्हणजे शासन निर्णय. ह्या प्रकाराची बांधणी इतकी निश्चित आहे की तिची तुलना एखाद्या बंधबद्ध काव्यप्रकाराशी करता यावी. शीर्षस्थानी विषय, त्याखाली विभागाचे नाव, निर्णय क्रमांक व दिनांक, मग पूर्वीच्या निर्णयांची संदर्भसूची, प्रस्तावना, मुख्य निर्णय, अखेरीस तो संकेतस्थळावर उपलब्ध केल्याचे आणि त्याच्या संकेतांकाचे विधान, राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने केलेली स्वाक्षरी, आणि शेवटी 'प्रत' ह्या शीर्षकाखालील यादी. राज्यपालांचे नाव ही केवळ शिष्टाचाराची बाब नव्हे. शासनाची कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने व्यक्त झाली पाहिजे, असे संविधानाच्या अनुच्छेद १६६ मध्ये सांगितले आहे. ह्या स्वरात शासन खरोखर बांधले जाते. रक्कम किती, कोणत्या लेखाशीर्षातून, मंजुरी कोणाची, हे येथे ठरते.

परंतु समीक्षकाने सर्वांत काळजीपूर्वक वाचावा असा भाग शेवटचा आहे. 'प्रत' ही यादी म्हणजे त्या गद्याचा घोषित वाचकवर्ग. तीत राज्यपालांचे व मुख्यमंत्र्यांचे सचिव असतात, मंत्र्यांचे खाजगी सचिव असतात, महालेखापाल असतात, विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी असतात, आणि बहुधा सर्वांत शेवटी 'निवड नस्ती' असते. ज्याच्या आयुष्यावर निर्णयाचा परिणाम व्हावयाचा तो रहिवासी ह्या यादीत नसतो. तो ह्या पत्राचा धनी नाही; दुसऱ्याला लिहिलेले पत्र त्याने मिळवून वाचावयाचे आहे. मिळविणे आता सुलभ झाले आहे, कारण निर्णय संकेतस्थळावर असतो. पण उपलब्ध होणे आणि उद्देशून असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. निर्णयाची संदर्भसूची हे ह्याचे उत्तम प्रमाण होय. संदर्भ क्रमांक तीनमधील परिच्छेद दोनमध्ये अमुक सुधारणा करण्यात येत आहे, असे वाक्य ज्याच्या टेबलावर संदर्भ क्रमांक तीन आहे त्याच्यासाठी पूर्ण आहे. इतरांसाठी ते अर्धे वाक्य आहे, आणि उरलेले अर्धे दुसऱ्या संकेतांकाखाली दडलेले आहे.

दोन्ही स्वरांतील रहिवाशाचे नावच पाहावे. वार्तास्वरात तो 'लाभार्थी' असतो, म्हणजे लाभाची इच्छा धरणारा. आज्ञास्वरात तो बहुधा संख्या असतो. ही नावे दुर्बोध नाहीत. तरीही त्यांत एक नाते गृहीत धरलेले आहे, आणि ते नाते मागणाऱ्याचे अथवा मोजल्या जाणाऱ्याचे आहे.

५

तथापि मराठीतील शासकीय गद्य ह्या दोन स्वरांत संपत नाही. कायद्यांनी निर्माण केलेला एक तिसरा प्रकार अस्तित्वात आहे, आणि सुबोधतेच्या निकषामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष झाले आहे. तो म्हणजे जो मजकूर रहिवाशाला उद्देशून असतो आणि त्याच वेळी शासनाला बांधतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५० प्रमाणे फेरफार नोंदवहीत नोंद करताच तलाठ्याने तिची संपूर्ण नक्कल चावडीतील ठळक जागी लावावयाची असते, आणि ज्यांचा हितसंबंध आहे असे अभिलेखावरून दिसते त्या सर्वांना लेखी कळवावयाचे असते. ह्या तरतुदीची रचना तपासावी. कर्ता आहे : तलाठी. काळ आहे : नोंद करताच. स्थळ आहे : चावडीतील ठळक जागा. मजकुराचे परिमाण आहे : सारांश नव्हे, संपूर्ण नक्कल. आणि वाचक आहे : हितसंबंधित व्यक्ती. चावडी नसलेल्या गावात जिल्हाधिकारी सांगतील ती जागा चावडी समजावी, असेही संहिता म्हणते. म्हणजे वार्तेला जागा असलीच पाहिजे ह्याची तिने काळजी घेतली आहे. येथे रहिवाशाचे नाव 'लाभार्थी' नाही. ज्याचा संबंध आहे तो, असे त्याचे वर्णन आहे.

ह्याच्याशी राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ मधील रीत ताडून पाहावी. महामार्गाकाठच्या गावाला हा प्रश्न तात्त्विक नाही. कलम ३अ खाली भूसंपादनाचा इरादा केंद्राच्या राजपत्रात अधिसूचित होतो आणि सक्षम प्राधिकाऱ्याने त्याचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध करावयाचा असतो. पैकी एक देशी भाषेतले असावे लागते. हरकत घेण्यास कलम ३क खाली २१ दिवसांची मुदत आहे, आणि कलमाच्या शब्दांप्रमाणे ती अधिसूचना प्रसिद्ध झाल्याच्या दिवसापासून धावते. म्हणजे घड्याळ राजपत्राचे आणि वाचन वृत्तपत्राचे. मराठी सारांश वाचकाच्या हाती येईपर्यंत मुदतीचे काही दिवस सरलेले असू शकतात. सारांशाचे गद्य कितीही सोपे केले तरी हे नुकसान भरून निघत नाही, कारण दोष शब्दांत नसून मजकुराच्या आणि मुदतीच्या संबंधात आहे.

उलट, भूमिसंपादन, पुनर्वसन व पुनर्वसाहत करताना उचित भरपाई मिळण्याचा आणि पारदर्शकतेचा हक्क अधिनियम, २०१३ ह्याचे नाव उच्चारतानाच दम लागतो. सुबोधतेच्या परीक्षेत तो पहिल्याच ओळीत नापास व्हावा. पण त्याच्या कलम ११ प्रमाणे प्राथमिक अधिसूचना राजपत्रात, त्या परिसरातील दोन दैनिकांत (पैकी एक प्रादेशिक भाषेतील), स्थानिक भाषेत पंचायतीत, तसेच जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी व तहसील यांच्या कार्यालयांत आणि बाधित क्षेत्रात प्रसिद्ध व्हावी लागते. शिवाय त्याच कामासाठी बोलाविलेल्या ग्रामसभेत तिचा आशय सांगावा लागतो. हरकतीस ६० दिवस मिळतात. महामार्गासाठीच्या संपादनाला ही कार्यपद्धती लागू होत नाही, त्याची रीत १९५६ च्या अधिनियमाची. म्हणून दोन्ही रीती एकाच गावाच्या शिवारात शेजारी शेजारी वावरू शकतात. कठीण नावाच्या कायद्याखाली वाचक अधिक सुरक्षित आणि सोप्या सारांशाखाली अधिक असुरक्षित, अशी ही स्थिती आहे.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हे तिसरे उदाहरण. 'पदनिर्देशित अधिकारी', 'नियत कालमर्यादा', 'पात्र व्यक्ती' हे त्यातील शब्द बोलीत कोणी वापरणार नाही. परंतु प्रत्येक लोकसेवेसमोर तिची कालमर्यादा, ती देणारा अधिकारी, प्रथम अपील प्राधिकारी आणि द्वितीय अपील प्राधिकारी अधिसूचित करावयाचे आणि कार्यालयाच्या फलकावर लावावयाचे बंधन ह्या कायद्याने घातले. अर्जाची पोच मिळावी लागते, नकार लेखी व सकारण असावा लागतो, आणि पुरेशा कारणावाचून सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. गावाच्या वाचकाचे कोणी, केव्हापर्यंत आणि नाही तर कोणाकडे, हे तिन्ही प्रश्न ह्या फलकाच्या रकान्यांत जसेच्या तसे उतरले आहेत. एका अर्थी शासकीय मराठीने लिहिलेला हा तक्ता तिच्या पुष्कळ परिच्छेदांपेक्षा सरस गद्य आहे. 'पात्र व्यक्ती' ह्या रूक्ष शब्दात 'लाभार्थी' ह्या प्रेमळ शब्दाहून अधिक सन्मान आहे, कारण पात्रता सिद्ध झाल्यावर देणे हे कर्तव्य होते.

६

ह्या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की शासन निर्णय हा अधिकाऱ्यांनाच लिहिलेला असतो. तो तसाच असावा, आणि त्यात रहिवाशाला शोधणे अप्रस्तुत आहे. ह्या आक्षेपाचे उत्तर मराठीच्या परंपरेतच सापडते. १६७० च्या दशकात चिपळूणच्या परिसरात छावणी करून असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना शिवाजी महाराजांच्या दरबारातून गेलेले पत्र प्रसिद्ध आहे. तेही अधिकाऱ्यांनाच उद्देशून आहे. रयत त्याची वाचक नाही. परंतु त्यात पावसाळ्यासाठी साठविलेले धान्य व गवत आताच संपविले तर पुढे काय होईल, मग शिपाई कुणब्यांच्या घरी धान्य, भाजी, लाकूडफाटा कसे ओढू लागतील, आणि कुणब्यांना मोगलांपेक्षा तुम्ही अधिक वाईट असे कसे वाटू लागेल, हे पायरीपायरीने सांगितले आहे. पेटती वात उंदराने नेली तर गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत दक्षता आहे. पत्राची भाषा फारसी शब्दांनी भरलेली आहे. राज्यव्यवहारकोशाच्या कसोटीवर ती अशुद्ध ठरेल. तरीही आज्ञेच्या प्रत्येक वाक्यामागे तिचा परिणाम भोगणारा माणूस उभा आहे.

ह्यावरून मूळ प्रतिपादनात एक आवश्यक दुरुस्ती सुचते. मजकूर अधिकाऱ्याला उद्देशून असणे हा स्वतः दोष नव्हे. त्या मजकुरात रहिवासी तृतीय पुरुषातही न येणे, त्याच्या दारापर्यंत आज्ञेचा परिणाम लिहिणाऱ्याने मनाने न चालून जाणे, हा दोष आहे. शासन निर्णयाची प्रस्तावना ही ह्या कामाची जागा होती. प्रत्यक्षात तेथे मागील निर्णयांचा इतिहास येतो आणि निर्णय ज्या अडचणीतून निघाला ती अडचण कोणाची होती हे क्वचितच येते.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा आहे. सातबाराचा उतारा अंकीय स्वाक्षरीसह घरबसल्या मिळतो, निर्णय शोधता येतात, अर्ज 'आपले सरकार' सेवा केंद्रातून करता येतात. मग चावडीवरच्या कागदाची आणि दवंडीची चर्चा कालबाह्य नाही काय? सोय वाढली आहे हे निर्विवाद. परंतु शोधावयाचे काय हे ज्याला आधी माहीत आहे त्याचीच ती सोय आहे. दवंडीला आणि चावडीला एक गुण होता : न शोधणाऱ्यालाही वार्ता गाठीत असे. दवंडीचा मजकूर लेखी उरत नसे, आणि गावातील प्रत्येक वस्तीत ती सारख्याच आदराने पोहोचत असे असे मानणेही भाबडेपणाचे होईल. म्हणून तिचा गौरव बेताने करावा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ ने मात्र हा विचार नेमका पकडला आहे. कलम ४ मध्ये स्वतःहून प्रकट करावयाच्या माहितीच्या १७ बाबी सांगून झाल्यावर, ही माहिती खर्च, स्थानिक भाषा आणि त्या स्थानिक क्षेत्रातील संपर्काची सर्वांत परिणामकारक पद्धती लक्षात घेऊन प्रसारित करावी, असे म्हटले आहे. आणि प्रसाराच्या साधनांत सूचनाफलक, वृत्तपत्रे, सार्वजनिक घोषणा व महाजाल ह्यांना एकाच पंक्तीत बसविले आहे. 'स्थानिक भाषा' ह्या शब्दांचा अर्थ केवळ मराठी असा घेऊन शासन मोकळे होते. परंतु त्याच वाक्यातील 'स्थानिक क्षेत्र' हे शब्द अधिक मागतात. नीरेच्या अलीकडच्या गावाला त्याचे स्वतःचे कार्यालय, त्याची तारीख आणि त्याचा अधिकारी सांगणारे वाक्य, ही त्यांची मागणी आहे.

७

सारांश, शासकीय वार्तागद्याच्या समीक्षेत शब्दाचा निकष दुय्यम आणि वाक्याचा निकष प्रमुख मानावयास हवा. कर्ता, मुदत आणि दाद मागण्याची जागा सांगणारे वाक्य कठीण शब्दांतही आपले काम करते. ते न सांगणारे वाक्य कितीही सोपे असले तरी केवळ शोभेचे राहते. कोशकारांनी आपले काम पुष्कळ केले. आता काम वाक्यरचनाकाराचे आहे. प्रत्येक शासन निर्णयास, त्याच्या 'प्रत' यादीत रहिवाशाला स्थान देऊन, तिन्ही प्रश्नांची उत्तरे देणारा अर्ध्या पानाचा गावनिहाय गोषवारा जोडणे, आणि हा गोषवारा निर्णयाचाच बंधनकारक भाग मानणे, ही सुधारणा अशक्य कोटीतील नाही. तिचा नमुना लोकसेवा हक्क अधिनियमाच्या फलकात तयार आहे.

पदव्युत्तर अभ्यासासाठी येथे एक चांगले क्षेत्र मोकळे आहे. सारोळ्यासारखे एक गाव निवडून तेथील चावडी, ग्रामपंचायतीचा फलक, ग्रामसभेच्या नोटिसा, तालुक्याच्या वृत्तपत्रांतील जाहीर सूचना आणि विभागीय राजपत्र ह्यांतून एका वर्षात गावाला उद्देशून अथवा गावाविषयी प्रसिद्ध झालेला सर्व मजकूर संकलित करावा. त्याचे वर्गीकरण विभागवार न करता तिन्ही प्रश्नांच्या अनुरोधाने करावे; कर्तरी व कर्मणी प्रयोगांचे प्रमाण, मुदतीचा आरंभबिंदू, आणि रहिवाशास दिलेली नावे ह्यांची नोंद ठेवावी; आणि नदीपलीकडील एखाद्या गावाच्या मजकुराशी त्याची तुलना करावी. असे संकलन हाती आल्यास आधुनिक मराठी गद्याच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण साधार लिहिता येईल, आणि ज्यांच्यासाठी हे गद्य लिहिले जाते त्या वाचकांचाही त्या इतिहासात प्रथमच प्रवेश होईल.